वॉर्डातल्या आजी-आजोबांची पावलं मोजली तेव्हा

मी नवी मुंबईत एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, मेडिसिन वॉर्डातले आणि आयसीयूतून बाहेर आलेले पेशंट माझ्याकडे असतात. गेल्या काही महिन्यांत आम्ही वॉर्डातल्या पासष्टीच्या वरच्या पेशंटच्या पायाला ॲक्टिव्हिटी मॉनिटर लावून ती माणसं दिवसभरात खरोखर किती हलतात ते बघितलं. ओळखीतले बरेच जण विचारतात की हे घड्याळासारखं असतं का, म्हाताऱ्या माणसाला त्रास होतो का, त्यातून मिळतं काय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मुळात हे का करावंसं वाटलं ते सांगते. ॲडमिट असलेल्या माणसाची फाइल उघडली की त्यात बीपी असतं, शुगर असते, ऑक्सिजन असतो, लघवी किती झाली तेसुद्धा मिलिलिटरमध्ये लिहिलेलं असतं, पण माणूस चालला का, किती चालला, कॉटवरून खाली तरी उतरला का, याबद्दल फार तर एक शब्द असतो. आम्ही फिजिओ दिवसातून एकदा जातो, पंधरा-वीस मिनिटं उठवतो, चार पावलं चालवतो, आणि पुढच्या पेशंटकडे. मग उरलेल्या साडेतेवीस-पावणेचोवीस तासांत काय होतं? कोणाला विचारलं तर सिस्टर म्हणतात फिरले असतील, मुलगा म्हणतो हो हो बाथरूमला गेलेले, आणि पेशंटला तर आजचा वारसुद्धा नक्की आठवत नसतो.

आमच्या मॅडमनी, म्हणजे वयस्कर पेशंट बघणाऱ्या फिजिशियन, त्यांनी एक जुना रिसर्च पेपर वाचायला दिला होता. अमेरिकेत अलाबामामधल्या हॉस्पिटलात ६५ च्या वरच्या ४५ माजी सैनिकांच्या मांडीला आणि घोट्याला सेन्सर लावले होते, २००९ साली तो अभ्यास छापून आला. मोजलेल्या वेळातला सरासरी ८३ टक्के वेळ ती माणसं आडवी होती, आणि उभं राहणं आणि चालणं धरून दिवसाला साधारण ४३ मिनिटं. यातले बहुतेक जण ॲडमिट व्हायच्या आधी स्वतःच्या पायाने चालत होते हे लक्षात घ्या. मला तो आकडा वाचून झोप लागली नाही कारण आमच्या वॉर्डात परिस्थिती याहून वाईट असणार हे मला रोज डोळ्यांनी दिसत होतं, फक्त हातात काही पुरावा नव्हता.

आणि पडून राहण्याची किंमत काय असते तेही सांगून टाकते. २००७ साली एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या बारा धडधाकट माणसांना, लक्षात घ्या आजारी नाही, धडधाकट, दहा दिवस नुसतं बेडवर ठेवलं होतं, तर दोन्ही पाय मिळून जवळपास एक किलो स्नायू गेले. आता त्यात न्यूमोनिया घाला, जेवण कमी घाला, वय ऐंशी घाला. मग नातेवाईक डिस्चार्जच्या दिवशी म्हणतात की मॅडम, न्यूमोनिया बरा झाला पण बाबा उठतच नाहीत हो, येताना तर रिक्षातून उतरून चालत आले होते.

तर प्रोजेक्ट ठरला. पहिला टप्पा एथिक्स कमिटीचा, म्हणजे पेशंटवर असा अभ्यास करायला परवानगी देणारी कमिटी. कागदपत्रं खूप लागतात आणि लागायलाच पाहिजेत, कारण म्हातारा आजारी माणूस नाही म्हणायला लाजतो, डॉक्टर म्हणतायत म्हणजे करावं लागणार असंच त्याला वाटतं. माहितीपत्रक मराठी आणि हिंदीत केलं, ज्यांना वाचता येत नाही त्यांना साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं, मग अंगठा. कमिटीने आमचं मराठी परत पाठवलं होतं, फार पुस्तकी आहे म्हणून, आणि ते बरोबर होतं. "प्रवेगमापक यंत्र" कोणाला कळणार? शेवटी आम्ही लिहिलं की पायाला एक छोटं मशीन लावणार, ते तुम्ही किती वेळ झोपता, बसता, उभे राहता आणि किती पावलं चालता हे मोजतं, त्यातून करंट येत नाही, ते फोटो काढत नाही, बोलणं रेकॉर्ड करत नाही, नको वाटलं तर कधीही काढून ठेवायचं आणि त्यामुळे ट्रीटमेंटमध्ये काहीही फरक पडणार नाही.

हे सगळे प्रश्न लोकांनीच विचारलेले आहेत बरं का. करंट लागेल का हा आज्यांचा प्रश्न, कॅमेरा आहे का हा सुनांचा, आणि याचं बिल लावणार का हा मुलांचा. बिल अर्थातच नव्हतं. एका काकांनी विचारलं की मी चाललो नाही हे यात आलं तर मेडिक्लेमवाले पैसे कापतील का, त्यांना मी बसून समजावलं की हा डेटा विमा कंपनीकडे जात नाही, यावर तुमचं नावसुद्धा नसतं, नंबर असतो. त्यांची काळजी रास्त होती, मी ते वाक्य मग सगळ्यांनाच आपणहून सांगायला लागले.

आता मशीन कुठे लावायचं, कारण सगळा खेळ तिथेच आहे. सुरुवातीला हाताशी साधे मनगटी बँड होते, बाजारात मिळतात तसे, म्हणून आधी ते आमच्याच ओळखीच्या दोन-चार वयस्कर माणसांवर आणि तयार झालेल्या पेशंटवर लावून बघितले. मनगटी बँड हाताच्या हेलकाव्यावरून पाऊल ओळखतो. तरुण माणूस हात हलवत झपझप चालतो तिथे ठीक आहे. पण वॉकर धरलेल्या आजींचे दोन्ही हात वॉकरवर घट्ट, पाय फरफटत हळूहळू पुढे, त्या अख्खा कॉरिडॉर चालून आल्या तरी बँडवर जेमतेम काही पावलं. एका हाताने सलाइनचा स्टँड ढकलत चालणाऱ्याचंही तेच. आणि उलट प्रकार म्हणजे एक आजोबा, माळकरी, संध्याकाळी कॉटवर मांडी घालून टाळ्या वाजवत हरिपाठ म्हणायचे, तर बँडने त्या टाळ्या पावलं म्हणून धरल्या. आजोबा जागेवरून हललेसुद्धा नव्हते.

म्हणून मग पायाकडे गेलो. घोट्याला लावलं की हळू चालणाऱ्याची पावलंही बऱ्यापैकी पकडली जातात, आणि मांडीला पुढच्या बाजूला लावलं की अजून एक फायदा होतो. आत जो सेन्सर असतो त्याला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते, म्हणजे मांडी आडवी असेल तर माणूस बसलाय किंवा झोपलाय आणि मांडी उभी असेल तर माणूस उभा आहे. त्यामुळे कॉटवरून किती वेळा उठला हेही मोजता येतं. पण खुर्चीत बसलेला आणि बेडवर आडवा झालेला, दोघांचीही मांडी आडवीच, तो फरक एकट्या मांडीच्या सेन्सरवरून सहज कळत नाही. आमच्यासाठी तो फरक महत्त्वाचा होता कारण खुर्चीत बसणं ही आमच्या पेशंटची मोठी कमाई असते, म्हणून त्याची नोंद सिस्टर आणि मी हाताने ठेवायचो.

मशीन काडेपेटीएवढं, त्याहून चपटं. लावायची पद्धत अशी, आधी दोन्ही पाय बघायचे. सूज कुठे आहे, जखम आहे का, एखाद्या पायात रक्ताची गुठळी झाल्याचा संशय आहे का, असला तर तो पाय सोडायचा. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नुसतं चिकटपट्टी खेचून काढली तरी साल निघते आणि काळंनिळं होतं, त्यामुळे चिकटवायचं ते पारदर्शक ड्रेसिंगने, रोज त्वचा बघायची, आणि काढताना पाण्याने भिजवून, कातडी एका हाताने दाबून हळू सोडवायचं. ज्यांच्या कातडीची खात्री वाटली नाही त्यांना घोट्याला मऊ पट्टा, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जायलाच हवीत कारण संध्याकाळपर्यंत पाय सुजतो. मशीन आधी ग्लोव्हच्या पातळ रबरी पिशवीत गुंडाळायचं म्हणजे स्पंजिंग करताना भिजत नाही, एका पेशंटचं काढलं की स्पिरिटने पुसून मगच दुसऱ्याला, पट्टा प्रत्येकाला नवीन. एमआरआयला नेताना काढायचं, आणि त्यासाठी फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवायचं कारण एमआरआयला न्यायला येणाऱ्या मामांना याची काहीच कल्पना नसते.

कोपरखैरण्याचे एक आजोबा माझ्या कायम लक्षात आहेत. मूळचे साताऱ्याकडचे, माथाडी, आधी मशीद बंदरला आणि मार्केट इकडे आल्यावर तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये, शंभर-शंभर किलोची पोती पाठीवर घेतलेला माणूस. छातीत कफ आणि हार्टचा त्रास म्हणून ॲडमिट. मी मांडीला मशीन लावत होते तर खांद्यावर मानेपाशी पोत्याने पडलेला कडक घट्टा अजून तसाच होता, आणि मांडी मात्र माझ्या एका हाताच्या मुठीत येईल की काय एवढी झालेली. मला म्हणाले, "पोरी, उभा जन्म वझं वाहिलं, तवा कुणी पावलं मोजली न्हाईत, आता कसली मोजतीस?" मी म्हटलं, "आजोबा, आता मोजली नाहीत तर घरी जाताना स्ट्रेचर लागेल." ते काही बोलले नाहीत, पाय पुढे केला.

पहिल्या पूर्ण दिवसाचा त्यांचा ग्राफ काढला तर दोनशेच्या आत पावलं. दिवसभर सपाट रेघ, सकाळी मी उठवलं तेव्हा एक छोटा उंचवटा, दुपारी एक बारीक, की झालं. पुढचे बरेच ग्राफ असेच निघाले. मला वाटायचं भेटायच्या वेळात तरी माणसं उठत असतील, घरची मंडळी येतात, हात धरायला कोणीतरी असतं. तर उलटच, संध्याकाळी भेटायच्या वेळात रेघ सगळ्यात सपाट! कारण सगळे कॉटभोवती बसतात, पेशंट उठायला लागला की चार हात त्याला परत झोपवतात, "बाबा, पडून राहा, आराम करा, काय हवं ते आम्ही देतो." यात प्रेमच आहे, मी त्यांना दोष देत नाही, आपल्याकडे आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला हलू न देणं असंच शिकवलं गेलंय.

दुसरं म्हणजे कॅथेटर. लघवीची नळी असलेल्या आणि नसलेल्या पेशंटचे ग्राफ शेजारी शेजारी ठेवले की मला तरी वेगळं काही सांगायची गरज वाटत नव्हती. नळी असली की बाथरूमला जायचं कारणच संपतं, आणि दिवसातली अर्धी पावलं बाथरूमचीच असतात. वर युरिन बॅग, सलाइन, ऑक्सिजनची नळी, कॉटच्या दोन्ही बाजूंचे रेलिंग वर केलेले, चपला कॉटखाली लांब ढकललेल्या, चष्मा आणि कानाचं मशीन घरी ठेवलेलं हरवू नये म्हणून. अशा माणसाने उठायचं तरी कसं? गंमत नाही, खरंच बघितलंय, एक आजी केवळ चपला मिळत नाहीत म्हणून दुपारभर उठल्या नव्हत्या, फरशी ओली होती आणि अनवाणी घसरायची भीती.

स्टाफची बाजूही सांगायला हवी. रात्रीच्या ड्युटीला एका सिस्टरकडे इतके पेशंट असतात की प्रत्येकाला धरून बाथरूमला न्यायचं म्हटलं तर इंजेक्शनं कधी द्यायची? डायपर लावणं सोपं पडतं. आणि पेशंट पडला तर रिपोर्ट भरावा लागतो, का पडला, कोण ड्युटीवर होतं, सगळी चौकशी. हॉस्पिटलच्या ॲक्रेडिटेशनमध्येही, म्हणजे दर्जाच्या तपासणीतही, पडण्याच्या घटना मोजतात. ते योग्यच आहे, म्हातारपणी खुब्याचं हाड मोडणं म्हणजे साधी गोष्ट नाही. पण पडलेला पेशंट रजिस्टरमध्ये येतो आणि पडून राहिलेला पेशंट कुठेच येत नाही, मग सिस्टरने कोणती काळजी आधी घ्यायची?

ग्राफ हातात आल्यावर मात्र बोलणं बदललं. राउंडला मॅडम आधी फुप्फुसाचा एक्स-रे बघायच्या, आता एक्स-रेनंतर लगेच विचारायला लागल्या की काल किती पावलं. आणि पुढचा प्रश्न, यांची नळी अजून का आहे? हा प्रश्न रोज सकाळी विचारला जातो म्हटल्यावर बऱ्याच नळ्या लवकर निघाल्या. दोन डोसच्या मधल्या वेळात सलाइन सोडवून फक्त सुई हातात ठेवायची, म्हणजे माणूस मोकळा. जेवण शक्यतो खुर्चीत. मावशींना मी मुद्दाम बसवून ग्राफ दाखवले, त्यांना ते सगळ्यात पटकन कळले, एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे मी बेडपॅन दिलं की ही रेघ अशी झोपते होय." त्यानंतर त्या बेडपॅन द्यायच्या आधी विचारायच्या, "आजी, चालता का, मी धरते."

उठवण्याचीही रीत असते. झोपलेल्या माणसाला एकदम उभं करायचं नाही. आधी झोपलेला असताना बीपी, मग कॉटच्या कडेला पाय सोडून बसवायचं, चक्कर विचारायची, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत बीपी. वरचं बीपी वीसने किंवा खालचं दहाने उतरलं तर थांबायचं, डॉक्टरांना कळवायचं, गोळ्या बघायच्या. आम्ही हे आधीही करायचो, पण आता मी नसताना सिस्टरही करायला लागल्या.

टार्गेट किती ठेवायचं यावर खूप चर्चा झाली. नातेवाईकांच्या डोक्यात दहा हजार बसलेले असतात, तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पेडोमीटर विकताना पुढे आलेला, आजारी म्हाताऱ्या माणसाशी त्याचा काही संबंध नाही. २०१७ मध्ये इस्रायलमधल्या एका अभ्यासात असं दिसलं की हॉस्पिटलात दिवसाला ९०० पेक्षा कमी पावलं चालणाऱ्या वयस्कर पेशंटमध्ये स्वतःची कामं स्वतः करायची ताकद कमी होण्याचं प्रमाण जास्त होतं. आणि टेक्सासमध्ये २०१० साली छापलेल्या एका अभ्यासात ज्यांनी पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी ६०० किंवा जास्त पावलं वाढवली ते सरासरी पावणेदोन दिवस लवकर घरी गेले. आता यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची, जो बरा होतोय तो जास्त चालणारच, त्यामुळे चालल्यामुळेच लवकर सुटले असं छातीठोक म्हणता येत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांना ९०० चा धोशा लावला नाही, कालच्यापेक्षा आज थोडं जास्त एवढंच. कॉटच्या डोक्याशी पांढऱ्या बोर्डवर कालचा आकडा लिहायचा, पेशंटची हरकत नसेल तरच, कारण काही जणांना तो आकडा बघून वाईट वाटायचं, त्यांचा बोर्ड आम्ही कोरा ठेवायचो.

माथाडी आजोबांनी बोर्ड लगेच ताब्यात घेतला. शेजारच्या कॉटवरचे रिटायर्ड मास्तर किती चालले ते आधी विचारायचे. कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीतून खाली रस्ता दिसतो, तिथपर्यंत जाऊन मालाच्या गाड्या मोजून परत यायचे, पहिल्यांदा माझा हात धरून, मग वॉकर, मग मुलाबरोबर. दम लागला की मध्ये ठेवलेल्या खुर्चीत बसायचे, ती खुर्ची आम्ही ग्राफ बघूनच तिथे ठेवली होती, कारण बरेच जण अर्ध्या वाटेतून मागे फिरत होते. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी त्यांची पावलं हजाराच्या घरात गेली होती, आणि ते चालत लिफ्टपर्यंत गेले.

सगळ्यांचं असं झालं नाही. एका आजींना रात्री भ्रम व्हायचा, त्यांना पायाला कोणीतरी बांधून ठेवलंय असं वाटायचं, ओरबाडून काढायच्या, त्यांचं आम्ही दुसऱ्याच दिवशी बंद केलं, अशा माणसावर मशीनची जबरदस्ती करायचीच नाही. एक मशीन बदललेल्या चादरीत गुंडाळून थेट लाँड्रीत गेलं, धुलाईवाल्या मामांनी गरम पाण्यात जायच्या आधी शोधून दिलं म्हणून वाचलं. काहींचे आकडे आजार वाढला म्हणून खाली गेले, तिथे पावलांवरून कोणी त्यांच्या मागे लागणं म्हणजे क्रूरपणा. आणि हे मशीन माणसाला पडण्यापासून वाचवत नाही, गजर वाजवत नाही, दम लागला की गुडघा दुखला ते सांगत नाही. ते विचारायला माणूसच लागतो.

घरचं कोणी ॲडमिट असेल तर नातवाचं स्मार्टवॉच आजोबांच्या मनगटाला बांधून आकड्यांवर भांडू नका. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी घट्ट बसणाऱ्या, मागे पट्टा असलेल्या चपला, चष्मा आणि कानाचं मशीन घेऊन जा, आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा की यांना उठायला, चालायला परवानगी आहे का, आणि लघवीची नळी कधी काढणार. परवानगी आहे म्हणाले तर भेटायच्या वेळात एक जण बसा आणि एक जण त्यांना धरून कॉरिडॉरमध्ये न्या.

आता पुढचा टप्पा ऑर्थोपेडिक वॉर्डाचा आहे, खुब्याचं ऑपरेशन झालेले पेशंट. तिथे ऑपरेशनच्या पायाच्या मांडीवर ड्रेसिंग असतं, म्हणून मशीन दुसऱ्या पायाला लावायचं ठरतंय, पण लंगडत चालताना दोन्ही पायांची पावलं सारखी पडत नाहीत, तर नुसत्या चांगल्या पायावरून हिशोब बरोबर येतो का हे आधी आम्ही स्वतः शेजारी चालत मोजून पडताळणार आहोत. फॉर्म कमिटीकडे गेलेत, आणि या वेळी मराठी माहितीपत्रक आधी आमच्या मावशींकडून वाचून घेतलंय, त्यांनी तीन वाक्यं बदलायला लावली.